भिंतीवरचं चित्र, भिंतीमागचं बिऱ्हाड

पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये लेबु आर्मेनियन नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आर्मेनियन व्यापारी राहायचे. ती वस्ती केव्हाच उठली. पुढे फुकियन प्रांतातून आलेली चिनी कुटुंबं तिथे स्थिरावली आणि आसपासच्या गल्ल्यांत त्यांच्या कुळांची सभागृहं, देवळं उभी राहिली. १९१० साली याच रस्त्यावरच्या १२० नंबरच्या घरातून सन यत्-सेन यांनी चीनमधल्या क्रांतीसाठी जुळवाजुळव केली. २०१२ साली अर्नेस्ट झाखारेविच या लिथुआनियन चित्रकाराने इथल्या एका भिंतीवर सायकलवर बसलेली दोन भावंडं रंगवली, आणि आज या रस्त्यावर सगळ्यात दाट गर्दी असते ती त्या भिंतीसमोर.

या गर्दीवरून मामाचा आणि माझा वाद झाला. मामा स्थापत्यकार. गिरगावात वाढला आणि उमेदीची सगळी वर्षं मुंबईतल्या जुन्या इमारती टेकू लावून उभ्या ठेवण्यात घालवली. मी पेनांगच्याच बायान लेपास भागात एका चिप-कारखान्यात नोकरीला आहे. राहते मात्र जुन्या गावात. मामा इमारतीच्या बाजूने बोलतो, मी इमारतीत राहणाऱ्याच्या. चालताना, खाताना, पावसाच्या सरीत पडवीत अडकून पडलेले असताना आम्ही जे बोललो ते जमेल तसं उतरवलं आहे. मी काही पंच नाही, या वादातली एक बाजू आहे, हे वाचताना ध्यानात असू द्यावं.

मामा : तुझी तक्रार नेमकी काय आहे, ते मला कळू दे. मी सकाळपासून फिरतोय. ओळीच्या ओळी उभ्या आहेत, कौलं जागेवर, झडपांच्या खिडक्या जागेवर. दुकानांपुढची पाच फुटी पडवी चालत जाता येईल अशी आहे. गिरगावात अशी एक सबंध गल्ली मला दाखव.

मी : वर बघ. पहिल्या मजल्यावर कुठे कपडे वाळत घातलेले दिसतात? खाली आइस्क्रीम, शेजारी चुंबकं आणि टी-शर्ट, त्याच्या शेजारी हॉटेलचा दरवाजा. या ओळीत रात्री दिवा लागतो तो पाहुण्यांच्या खोलीत.

मामा : लागतो ना? मग छप्पर गळत नाहीये. तुला हे क्षुल्लक वाटतं, मला वाटत नाही. ही घरं कशी बांधलीत ते बघ. रुंदीला जेमतेम, खोलीला लांबच लांब, मधे उजेडासाठी उघडा चौक, आणि दोन घरांमधली भिंत सामाईक. मजल्यांच्या लाकडी तुळया त्याच भिंतीत बसवलेल्या. एका घराचं छप्पर गेलं की पाणी भिंतीत उतरतं, तुळईचं टोक कुजतं, आणि मग शेजारचं घरही कलायला लागतं. ओळीतलं एक घर ओसाड पडणं म्हणजे तीन घरांना घोर. हॉटेलवाला नफ्यासाठी का होईना, दरवर्षी कौलं चाळतो. मला तो चालतो.

मी : सिमेंटचा गिलावा करणाराही चालतो?

मामा : नाही. तो मुळीच चालत नाही. विटेतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंट तिला कोंडून धरतं, आणि मग आतून क्षार फुलून भिंत पिठासारखी झडते. पण त्याला नियम आहेत, ते इथे आहेत आणि बऱ्यापैकी पाळले जातात. २००८ च्या जुलैत मलाक्का आणि जॉर्जटाउन मिळून जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यानंतर इथल्या मालकाला कौल बदलतानाही विचार करावा लागतो. मुंबईत मी आयुष्यभर हेच मागत होतो.

मी : मामा, पण हे शहर टिकलं ते वारशाच्या पाटीमुळे नाही. पाटी यायच्या आधीच ते टिकलेलं होतं, म्हणून तर पाटी मिळाली. १९६९ मध्ये या बंदराचा मुक्त बंदराचा दर्जा गेला. व्यापार आटला. १९७२ पासून बायान लेपासला कारखाने आले, नोकऱ्या तिकडे गेल्या. गावात पैसा नव्हता, म्हणून पाडापाडी परवडत नव्हती. जिथे सरकारने पैसा ओतला, तिथे काय झालं ते तो कॉमटारचा मनोरा सांगतोय. त्याच्या पायासाठी असल्याच घरांचा आख्खा भाग साफ झाला. बाकीचं वाचलं ते भाड्याच्या कायद्यामुळे. १९६६ च्या कायद्याने १९४८ च्या आधीच्या घरांची भाडी बांधून ठेवली होती. पाडून फायदा नाही, विकून फायदा नाही, म्हणून मालकाने हात लावला नाही. आत पत्र्याचं काम करणारे, उदबत्त्या वळणारे, पाट्या कोरणारे कारागीर राहिले. खाली दुकान, वर बिऱ्हाड. १९९९ संपताना तो कायदा उठला. १ जानेवारी २००० ला भाडी मोकळी झाली आणि माणसं निघाली. युनेस्को आलं तेव्हा घरं होती, पण त्यांतली कितीतरी कुलपं लावलेली.

मामा : बरं झालं तू तारीख काढलीस. त्याच वर्षी आपल्याकडे काय झालं, आठव. ३१ मार्च २००० ला महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. १९४७ चा जाऊन हा आला, पण जुन्या भाडेकरूचं संरक्षण कायम राहिलं. तुझ्या मनासारखं. आणि मी काय पाहिलं? मालकाला चाळीतून जे भाडं येतं त्यात जिन्याची पायरी बदलून होत नाही, म्हणून तो दुरुस्ती करत नाही. भाडेकरूने पागडी भरलेली, म्हणून तो जागा सोडत नाही. मधल्या मधे इमारत कुजते. पावसाळ्यात एखादी बसते आणि माणसं ढिगाऱ्याखाली जातात. ते ढिगारे मी उपसताना पाहिलेत. उरलेल्या इमारतींवर बिल्डरचा डोळा. चाळीच्या जागी टॉवर, गल्लीच्या जागी पोडियम पार्किंग. भाडेकरूला जागा मिळाली, नाही म्हणत नाही. पण ती वाडी, तो सार्वजनिक नळ, गणपतीचा मांडव घालायचा चौक, यांतलं काही उरलं नाही. म्हणजे मुंबईने भाडेकरू राखला आणि वास्तू घालवली. पेनांगने वास्तू राखली.

मी : आणि भाडेकरू घालवला. वाक्य पुरं कर.

मामा : केलं असं समज. तरी मी वास्तूच निवडीन. माणसं परत आणता येतात, तुळई एकदा गेली की गेली.

इथे मामा माझ्यापेक्षा जास्त पाहिलेला माणूस आहे, आणि ढिगाऱ्याचा विषय निघाला की मी गप्प राहते. पण "माणसं परत आणता येतात" हे वाक्य मला पटलं नाही, तेव्हाही आणि आत्ताही. ज्या खोलीचं रात्रीचं भाडं एखाद्या कारागिराच्या जुन्या महिन्याच्या भाड्याहून जास्त आहे, त्या खोलीत कारागीर परत यायचा कसा?

मामा : तू या शहराला स्थिर समजतेस, तिथेच घोटाळा आहे. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट उतरला तेव्हापासून इथला प्रत्येक जण पैशासाठी आलाय. आचेचे व्यापारी आले, त्यांनी १८०८ मध्ये मशीद बांधली. तमिळ मुसलमान आले, त्यांची कपितान केलिंग मशीद. चिनी आले. १८३३ चं मारिअम्मनचं देऊळ आहे. इंग्रजांचं सेंट जॉर्ज चर्च १८१८ चं. सगळी पायी फिरण्याच्या अंतरात. या गावाचे रस्ते घालायला हिंदुस्थानातून कैदी आणले, त्यांत आपल्या मुंबई इलाख्यातलेही होते. कोण कायमचं राहिलं? आर्मेनियन गेले तेव्हा कुणी रडलं का? प्रत्येक धंद्याने आपली माणसं आणली आणि नेली. आजचा धंदा पर्यटनाचा आहे. तो या गावाच्या स्वभावाला धरूनच आहे.

मी : तुझ्या यादीतले सगळे इथे राहिले, मामा. आर्मेनियन गेला त्या घरात चिनी राहायला आला. त्याने पोरं वाढवली, चूल मांडली, मेला तेव्हा याच गल्लीतून त्याची अंत्ययात्रा निघाली. या वेळी जाणाऱ्याच्या जागी येणारा दोन रात्रींसाठी येतोय. मशिदीला नमाजी लागतात, कुळाच्या सभागृहाला कूळ लागतं. खू कोंग्सी बघितलंस ना? आधीचं १९०१ मध्ये जळालं, मग १९०६ मध्ये पुन्हा बांधलं. कोरीवकाम डोळे फिरवणारं आहे. पण ते चालतं ते वर्षश्राद्धाला जमणाऱ्या घराण्यामुळे. दोन रात्रींच्या पाहुण्यांवर देऊळ चालत नाही.

मामा : चल, तुझं ते चित्र दाखव.

चित्र जवळून बघण्यासारखं आहे, हे मी मनापासून सांगते. भिंतीला खरीखुरी सायकल ठोकलेली आहे, गंजलेली, जुन्या पद्धतीची. तिच्यावर रंगाने काढलेली मोठी बहीण पॅडल मारतेय आणि मागे धाकटा भाऊ तिला घट्ट धरून बसलाय. त्याचं तोंड उघडं आहे. भीती आणि आनंद एकाच वेळी. खऱ्या भावंडांवरून काढलेलं आहे आणि ते कळतं, कारण त्या पोराने बहिणीच्या कमरेला जी मिठी मारली आहे तशी कल्पनेने सुचत नाही. रंग चुन्याच्या भिंतीवर आहे, त्यामुळे ओलीने त्याचे पापुद्रे निघतात. माणसं जिथे हात लावून उभी राहतात त्या उंचीवर रंग विरलाय. समोर रांग असते. प्रत्येक जण सायकलमागे उभा राहून धक्का देतोय किंवा धावत पकडतोय असा फोटो काढतो. माझ्या मते हे चांगलं चित्र आहे. मामाने ते बराच वेळ पाहिलं.

मामा : हा माणूस भिंत वाचतो. भेगा, उडालेला गिलावा, डाग, काही लपवलेलं नाही. सगळं चित्रात घेतलंय. आणि बघ, चित्र काढल्यामुळे लोक भिंतीकडे बघायला लागले. याआधी या भिंतीकडे कोण ढुंकून बघत होतं? एका चित्राने जे केलं ते आमच्या दहा अहवालांनी होत नाही.

मी : लोक चित्राकडे बघतात. चित्राच्या दोन हात वर काय आहे, कुणाला विचार.

मामा : सुरुवात तरी होते ना! ते लोखंडी सळयांचे पुतळेही मला आवडले. कॅनन स्ट्रीटवर तोफगोळ्याने पडलेल्या भोकाचा एक आहे, १८६७ च्या दंगलीची गोष्ट सांगणारा. मला ती दंगल ठाऊक नव्हती, आता ठाऊक झाली.

मी : सळयांच्या चित्रांबद्दल मला काही म्हणायचं नाही. ती बावन्न आहेत, सरकारने स्पर्धा घेऊन करवून घेतली, आणि त्या त्या गल्लीत काय घडत होतं ते सांगतात. झाखारेविचबद्दलही नाही. त्याने २०१२ च्या जॉर्जटाउन महोत्सवासाठी मोजकी चित्रं काढली, ती जागा बघून काढली. माझा राग त्यानंतरच्या पिकावर आहे. त्याची नक्कल करणारी चित्रं, मांजरं, कार्टून, पंख. ज्या भिंतीशी, ज्या गल्लीशी काही नातं नाही अशी. हॉटेलवाले काढून घेतात, कॅफेवाले काढून घेतात. गर्दी वळवायला. आणि सगळ्या चित्रांत एक गोष्ट सारखी आहे : ती गोड आहेत. झाखारेविचनेच २०१३ मध्ये जोहोर बाहरूला एक चित्र काढलं होतं. भिंतीच्या कोपऱ्याच्या एका बाजूने लेगोची बाई महागडी पर्स घेऊन येतेय, दुसऱ्या बाजूला लेगोचा चोर सुरा घेऊन टपलेला. त्या गावात चोऱ्या होतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पालिकेने चित्रावर चुना फासला.

मामा : हं. आणि सायकल राहिली.

मी : सायकल राहिली, कारण सायकल कुणाला काही विचारत नाही. या गल्लीतून कोण गेलं, कुठे गेलं, हे विचारणारं चित्र या भिंतीवर किती दिवस टिकलं असतं?

मामा : तुला चित्राने फिर्याद लिहायला हवी आहे. चित्राचं ते काम नाही. पोर आनंदाने ओरडतंय, मला तेवढं पुरतं. अशी पोरं इथे होती, याची ती खूण आहे.

मी : होती.

मामा : बरं, होती. भूक लागली आता.

यापुढचं बोलणं एका कोपितियाममध्ये झालं, आणि माझ्या मते वादाचा गाभा तिथेच आहे. कोपितियाम म्हणजे कोपऱ्यावरच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर चालणारी चहा-कॉफीची जागा. संगमरवरी माथ्याची गोल टेबलं, छताला पंखे, आणि पडवीच्या कडेने लावलेल्या खाद्यपदार्थांच्या गाड्या. मालक फक्त पेयं विकतो. गाडीवाले वेगवेगळे, प्रत्येकाचा एकच पदार्थ, आणि ते मालकाला जागेचं भाडं देतात. म्हणून टेबलाशी बसलं की कॉफी किंवा बार्लीचं पाणी घ्यावंच लागतं. कुठे कुठे न घेणाऱ्याकडून वर थोडे पैसे घेतात. पाच-सहा चुली एका छपराखाली, एकमेकींच्या आधाराने. पेनांगच्या खाण्याची जी कीर्ती आहे, तिचा बराचसा भाग या व्यवस्थेवर उभा आहे.

आमच्या समोर चार क्वे तियाव परतणारा म्हातारा होता. तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोलंबी, अंडं, मोड आलेले मूग, चिनी लसूणपात आणि रक्तासारख्या लाल रसाचे शिंपले, एवढंच साहित्य. पण तो एका वेळी एकच बशी करतो. आधी डुकराची चरबी आणि लसूण, मग मिरचीचं वाटण, पट्ट्या, सोया. कढई इतकी तापलेली की पट्टी टाकली की धूर निघतो आणि क्षणभर ज्वाळ आत शिरते. पट्ट्या एका बाजूला सारून तो मोकळ्या जागेत अंडं फोडतो, ते अर्धवट जमलं की सगळं एकत्र उलटतो. शिंपले अगदी शेवटी, कारण जास्त शिजले की वातड होतात. जो करपट वास पदार्थाला येतो तो मसाल्याचा नसतो, तापलेल्या लोखंडाचा असतो. दोन बशा एकत्र केल्या की कढई थंडावते आणि तो वास येत नाही. त्यामुळे रांग कितीही लांबली तरी बशी एकच. मामा स्वतः डुकराचं खात नाही. त्याने पलीकडच्या गाडीवरून असम लाक्सा घेतला.

मामा : अगं, हा तर बांगडा!

मी : बांगडाच. उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात घातलाय. आंबटपणाला चिंच आणि वाळवलेल्या असम गेलुगोरच्या चकत्या. ते आपल्या कोकमाच्या जातकुळीतलं झाड आहे.

मामा : आईच्या बांगड्याच्या तिखल्याला परदेशात अननस आणि पुदिना भेटावा, तसं झालंय हे. वर ही काळी कसली चटणी?

मी : कोळंबीची, आंबवून आटवलेली. ढवळून घे. आता सांग, हे तुझ्या यादीत कुठे बसतं? युनेस्कोच्या यादीत शहर म्हणून इमारती गेल्या. सिंगापूरने आपली फेरीवाल्यांची खाद्यसंस्कृती २०२० मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंदवली. मलेशियाने २०२४ मध्ये न्याहारीची संस्कृती नोंदवली, नासी लमाक, रोटी चनाय, तेह तारिक वगैरे. पण ज्या छपराखाली ही न्याहारी शिजते त्याच्या भाड्याचं काय, हे कुठल्याच यादीत नाही.

मामा : भाड्याचा आणि चवीचा संबंध काय?

मी : सगळा. या गल्ल्यांतली घरं बाहेरच्यांनी घेतली, सिंगापूरचा पैसा आला, किमती वाढल्या. समज या घराच्या मालकाला उद्या हॉटेलवाला भेटला. कोपितियामची जागा गेली की एक धंदा जात नाही, एकदम सहा चुली विझतात. हा म्हातारा कुठे जाईल? झगमगीत फूड कोर्टात गेला तर भाडं वाढेल, भाडं वाढलं की बशीची किंमत वाढेल. मग इथे रोज खाणारी माणसं, तो मागच्या टेबलावरचा टॅक्सीवाला, त्या शिवणकाम करणाऱ्या बायका, ती येणार नाहीत. फक्त पाहुणे येतील. पाहुण्याला कालची चव आठवत नाही. रोजचं गिऱ्हाईक मात्र आज शिंपला जास्त शिजला तर तोंडावर सांगतं. त्या टोकण्यावर हात तयार राहतो. नासी कंदारही असाच वाढला. खांद्यावर कावड, एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला कालवण. तमिळ मुसलमान बंदरावरच्या हमालांना विकायचे. रोज तेच हमाल, रोज तीच पारख.

मामा : पण हा म्हातारा गेल्यावर त्याचा मुलगा हे करणार आहे का? घर सुरक्षित राहिलं तरी चूल चालवायला कोण आहे? धुरात रोज उभं राहणं सोपं नाही. मुलाला तुझ्या चिप-कारखान्यात नोकरी हवी असेल, आणि त्यात चूक काही नाही.

मी : ते खरं आहे. सरकारलाही ती धास्ती होती. म्हणून २०१६ पासून पेनांगमध्ये चार क्वे तियाव, असम लाक्सा अशा ठरावीक पदार्थांच्या गाड्यांवर परदेशी स्वयंपाकी ठेवायला बंदी केली. मला ती बंदी पटत नाही. ज्या शहरात प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी परदेशी मजुराने आणला, तिथे बांगलादेशी किंवा म्यानमारचा पोरगा कढई धरू शकत नाही, हे कसलं रक्षण? तो शिकायला तयार असेल, या म्हाताऱ्याच्या शेजारी पाच वर्षं उभा राहिला, तर तोच याचा वारस.

मामा : आता तू माझ्या बाजूला आलीस. माणसं बदलली तरी चालतील, काम चालू राहिलं पाहिजे, हेच मी मघाशी म्हणत होतो.

मी : नाही. तू म्हणत होतास की काम बदललं तरी चालेल, घर राहिलं पाहिजे. माणूस बांगलादेशचा असो, तो इथे राहो, इथे राबो, त्याची पोरं याच पडवीत खेळोत. माझा हट्ट इतकाच आहे.

इथे मामा थोडा थांबला आणि त्याने धक्क्यावरच्या वस्त्यांचा विषय काढला. आदल्या दिवशी आम्ही च्यू जेटीवर गेलो होतो. समुद्रात लाकडी खांबांवर उभी घरं, एका कुळाचा एक धक्का.

मामा : त्यातल्या दोन वस्त्या २००६ मध्ये गृहप्रकल्पासाठी पाडल्या, असं तूच सांगितलंस. वारशाची पाटी दोन वर्षांनी आली. ती आधी आली असती तर त्या वाचल्या असत्या. त्या लोकांचं घरच गेलं, बाई. च्यू जेटीवर निदान माणसं अजून राहतात.

मी : राहतात, आणि भेटीच्या वेळांचे फलक लावून राहतात. दारात खुर्ची टाकून बसलेल्या आजींचा न विचारता फोटो काढतात लोक. पणजीच्या फोंतेन्यात हेच चाललंय. तिथेही घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत. पण तुझं बरोबर आहे. त्या दोन वस्त्यांपुढे माझ्याकडे उत्तर नाही. पाटी हवी होती, आणि आधी हवी होती.

मामा : मग पुढे काय करायचं, ते बोलू. नुसतं हळहळून छप्पर दुरुस्त होत नाही.

मी : या जुन्या भागातली कितीतरी घरं कुळांच्या संस्थांची, देवळांची आणि मशिदींच्या वक्फची आहेत. ती एकट्या मालकाच्या घरासारखी पटकन विकली जात नाहीत. तिथून सुरुवात करता येईल. खिडकीला कुठला रंग द्यायचा हे परवान्यात लिहिता येतं, तर तळमजल्यावर कोपितियाम राहील हेही लिहिता आलं पाहिजे. वापर हासुद्धा वारसा धरा.

मामा : कागदावर छान. पण संस्थेलाही तुळई बदलायची आहे. जुन्या लाकडाचा भाव तुला ठाऊक नाही. ते पैसे हॉटेलच्या खाटेतून येतात, कोपितियामच्या कॉफीतून येत नाहीत.

मी : मग खाटेतूनच घेऊ. पेनांगमध्ये २०१४ पासून हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागे रात्रीला दोन-तीन रिंगिट शुल्क आहेच. जुन्या गावातल्या खोल्यांचं ते शुल्क वेगळ्या खात्यात टाकावं आणि जो मालक जुना भाडेकरू ठेवील त्याच्या छपराला द्यावं. ज्या गर्दीमुळे भाडं वाढतं त्याच गर्दीने ते भरून काढावं.

मामा : दोन-तीन रिंगिटात काय होणार? वाढवावं लागेल. आणि पैसे मिळाले तरी मालक कायम बांधून घेणार नाही. गोठवलेलं भाडं मी पुन्हा होऊ देणार नाही, ते आधीच सांगतो. गोठवलेल्या भाड्याने काय होतं ते मी गिरगावात भोगलंय.

मी : गोठवा असं मी म्हणत नाही. मुदतीचा करार हवा. वीस वर्षं.

मामा : वीस कुणी देत नाही. पाच.

मी : पाच वर्षांत नवा पोरगा नुसती कढई धरायला शिकतो. पंधरा.

मामा : दहा. भाडं दरवर्षी वाढेल, पण किती टक्क्याने ते पहिल्या दिवशीच करारात लिहिलेलं. आणि सिमेंटचा गिलावा केला तर अनुदान परत.

मी : टक्का कोण ठरवणार?

मामा : मालक, गाडीवाले आणि पालिका, तिघं एका टेबलाशी बसून. गाडीवाल्याशिवाय बैठक नाही, हे तुझ्यासाठी घालतो.

मी : आणि सायकलच्या चित्राला पुन्हा रंग द्यायचा खर्च या खात्यातून नाही.

मामा : तो द्यायचा. पण शेवटी. आधी तुळई, मग कोपितियाम, मग चित्र.

मी : या क्रमाला माझी ना नाही. दहा वर्षं मात्र कमी आहेत, बारा कर.